शेवटच्या खोलीची बेल

पांढरे बूट मिळवायला मला दोन शनिवार वणवण करावी लागली. माझा पाय आखूड आणि रुंद. दुकानातली मुलगी खोक्यामागून खोका उघडायची, माझ्या पायाकडे बघायची आणि ओठ मुडपायची. शेवटी लहान मुलांच्या विभागात एक जोड सापडला. शाळेच्या बँडमधल्या पोरांसाठी होता तो, पण पांढरा होता, सपाट होता आणि चालताना आवाज करत नव्हता. मला तेवढंच हवं होतं. खोका छातीशी धरून, बर्फात घसरत मी घरी आले, तर दारातच सरलावहिनी उभ्या.

“मिळाले का तुझे आयाचे बूट?” त्या म्हणाल्या.

घर त्यांचं होतं, म्हणून मी गप्प बसले. एरवी मी ऐकून घेणाऱ्यातली नाही, हे पुढं कळेलच.

सरलावहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. माझे दीर, डॉक्टर हेमचंद्र सबनीस, ॲन आर्बरमधलं मोठं प्रस्थ. त्यांनीच आम्हाला अमेरिकेत बोलावून घेतलं, आणि आल्यावर दुसऱ्याच वर्षी माझे यजमान चारुदत्त ऑफिसातून घरी येताना बसमध्येच गेले. तेव्हापासून मी आणि माझी विनीता दिरांच्या तळघरात राहत होतो. त्या दोघांना मूल नव्हतं. विनीता आधी वर जेवायला लागली, मग टीव्ही बघायला, मग झोपायलाही. मी मराठीत विचारलं की पोर इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि वहिनींना त्याचं कोण कौतुक!

१९८२ च्या ख्रिसमसच्या सुट्टीत दिरांनी जेवता जेवता सांगून टाकलं.

“नंदा, जूनपर्यंत बघू. तुझं हे नर्सिंगचं जमलं तर तू अपार्टमेंट घे, विनीताला घेऊन जा, मी अडवणार नाही. नाही जमलं तर तू नागपूरला आईकडे जा. विनीता इथंच राहील. तिच्या एज्युकेशनचा विचार कर. बी प्रॅक्टिकल.”

“आणि खरं सांगू का,” वहिनी म्हणाल्या, “तू हे आत्ताच कॅन्सल केलंस तरी चालेल. डॉक्टरांच्या घरातली बाई बेडपॅन उचलते, हे आम्ही लोकांना कसं एक्सप्लेन करायचं?”

वरच्या रिकाम्या खोलीसाठी त्यांचे गुलाबी पडदे शिवूनही झाले होते. नर्सिंगच्या परीक्षेला मी फी भरली होती खरी, पण पणाला लागली होती माझी पोर.

कोर्स होता लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्सचा, वर्षभराचा. बसनं बरंच लांब एक कम्युनिटी कॉलेज होतं, शेतांच्या मधोमध, विटांचं, बुटकं. वर्गातल्या बहुतेक जणींचे नवरे मोटारींच्या कारखान्यांतून घरी बसवलेले. जपानी गाड्यांनी आपलं वाटोळं केलं असं त्यांचं म्हणणं, आणि जपान कुठं, नागपूर कुठं, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. एकदा माझ्या लॉकरवर कुणीतरी लिपस्टिकनं ‘परत जा’ असं लिहून ठेवलं. मी ते स्पिरिटनं पुसलं, तर स्पिरिट वाया घालवलं म्हणून मिसेस क्रेलनी मलाच झापलं.

मिसेस क्रेल आमच्या शिक्षिका. उंच, वाळक्या, केस मागं घट्ट ओढलेले. कोणे एके काळी त्या सैन्यात नर्स होत्या आणि आम्हाला त्या तशाच वागवायच्या. त्यांचे नियम पुष्कळ, पण दोन त्या रोज घोकून घ्यायच्या. पहिला : पेशंटच्या दारावरचा दिवा लागला की ज्याची खोली त्यानं जायचं, सबब चालणार नाही. दुसरा : खोलीतून निघताना जे करणार नाही ते बोलायचं नाही.

“तुम्ही बोलता आणि जेवायला जाता,” त्या म्हणायच्या. “ती माणसं दाराकडे बघत बसतात. ज्यांच्याकडे दुसरं काही नाही त्यांना शब्द देताना शंभरदा विचार करा.”

या दुसऱ्या नियमात मी पहिल्या दिवसापासून कच्ची. आपल्याकडे निघताना ‘जाते’ म्हणायची रीत आहे का? उंबऱ्याशी पाऊल आलं की तोंडून ‘येते हं’ निघतंच, त्याला विचार लागत नाही. तेच माझ्या तोंडून इंग्रजीत ‘आय’ल कम बॅक’ होऊन बाहेर पडायचं. प्रत्येक खोलीच्या दारात, प्रत्येक पेशंटला. मिसेस क्रेल दात ओठ खायच्या. मी सवय मोडायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण लहानपणापासून जिभेला लागलेलं वळण बुटांसारखं बदलता येत नाही.

जानेवारीत आमचं खऱ्या पेशंटवरचं काम सुरू झालं. गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांचं एक नर्सिंग होम होतं, तिथं. पहिली बस पकडून मी पोचायचे तेव्हा बाहेर अजून मिट्ट काळोख असायचा. आतला लांबच लांब कॉरिडॉर अर्धाच उजळलेला. उकडलेल्या ओट्सचा, फिनेलचा आणि लघवीचा असा मिळून एक वास तिथं कायमचा मुक्कामाला. कुठंतरी कुणीतरी एकसुरी कण्हत असायचं. प्रत्येक दारावर एक छोटा पांढरा दिवा होता. आत पेशंटनं उशाचं बटण दाबलं की बाहेर दिवा लागायचा आणि नर्सच्या टेबलावर घरघर व्हायची.

मला मिळाल्या मिसेस वेल्डकँप. कॉरिडॉरच्या टोकाची, शेवटची खोली. नव्वदीच्या घरातली बाई, हाडांचा सापळा, आणि डोळे असे की नजरेनंच माणसाला दाराबाहेर ढकलावं. सांध्यांना चोळायच्या मलमाचा उग्र थंड वास त्यांच्या खोलीत भरलेला असायचा.

“तुझे ते काळे हात माझ्या अंगाला लावू नकोस,” हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

मी लावले. आंघोळ कशी घालणार नाहीतर? त्यांनी मला ओरबाडलं, ओट्स माझ्या अंगावर थुंकले, माझ्या बोलण्याची नक्कल केली. मी बाहेर पडले की दिवा लागायचा. आत जावं तर काही नको असायचं. पुन्हा बाहेर, पुन्हा दिवा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मला त्या बाईचा मनापासून राग यायचा, खोटं कशाला बोलू? आणि तरी रोज दुपारी निघताना, दारात पाऊल पडलं की सवयीनं तोंडून जायचंच, “आय’ल कम बॅक, मिसेस वेल्डकँप.”

“येऊ नकोस,” त्या म्हणायच्या.

एकदाच त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी बाहेर बर्फ भुरभुरत होता. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “सगळे असंच म्हणून जातात. तू मात्र येतेस... मूर्ख आहेस.”

पुढच्या सोमवारी मी पोचले तेव्हा त्या गेल्या होत्या. नुकत्याच. लोरेटा नावाच्या तिथल्या मदतनिसाला पहाटेची फेरी मारताना ते कळलं.

“उत्तम,” मिसेस क्रेल म्हणाल्या. “मृताची शेवटची स्वच्छता. पुस्तकात वाचली आहे, आता करून दाखवा, मिसेस सबनीस.”

उत्तम! मी दात आवळून आत गेले. मिसेस क्रेलनी आधी खिडकी बोटभर उघडली. बाहेरची थंडी सुरीसारखी आत आली.

“जीव बाहेर जायला आमच्यात उघडतात,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी मिसेस वेल्डकँपना पुसून काढलं, केस विंचरले, कवळी बसवली, डोळे मिटवले. त्यातला एक मिटायला तयार नव्हता. बोट धरून ठेवावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला ओरबाडलं नाही. मला एकदम वाईट वाटलं. ही बाई कुणाला तरी आवडत असेल का कधी, असं मनात आलं. चादर नीट केली, पाण्याचं तसराळं उचललं आणि दाराशी आले.

“येते हं,” मी म्हणाले. आणि लगेच, “आय’ल कम बॅक.”

म्हटलं आणि जागच्या जागी थिजले. मयताच्या घरून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत. मुकाट्यानं उठायचं, मागं न बघता चालू लागायचं. चारुदत्त गेले तेव्हा इथल्या मराठी मंडळींनीसुद्धा ते पाळलं होतं. एरवी दारात अर्धा तास गप्पा छाटणारे लोक एकेक करून उठले, बर्फाचे बूट चढवले आणि अवाक्षर न बोलता गेले. आणि मी मेलेल्या बाईला सांगून बसले होते की मी येते.

मिसेस क्रेलनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

“सगळ्यांना म्हणालात तरी एक वेळ चाललं असतं,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “हिला नव्हतं म्हणायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या खोलीवरचा दिवा लागला.

खोली रिकामी होती. पलंगावर धुतलेली चादर ताणून घातलेली, बटणाची वायर कठड्याला गुंडाळून ठेवलेली. लोरेटा गेली, दिवा बंद करून आली. परत लागला. तिनं वायरच भिंतीतून उपटून काढली आणि माझ्या समोरून जाताना हातात नाचवून दाखवली. ती अजून माझ्यासमोर होती तेव्हा दिवा पुन्हा लागला. टेबलावर घरघर सुरू झाली. लोरेटानं हातातल्या वायरकडे पाहिलं आणि ती पटकन तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिली.

इलेक्ट्रिशियन आला. त्यानं सगळं उघडून पाहिलं, काही सापडलं नाही. तो होता तोवर दिवा लागलाही नाही. विद्यार्थिनींचे दिवस सोडून इतर दिवशीही तो लागत नव्हता. आणि मी एकदा तापानं घरी राहिले, तर त्या दिवशीही नाही. मग काय, बायकांना आयतंच कोलीत मिळालं.

“तीच करते,” माझ्यासमोर मिसेस क्रेलना सांगण्यात आलं. “त्यांच्याकडे असले जादूटोणे करतात. आमच्या आज्या बसल्या आहेत त्या खोल्यांतून.”

मिसेस क्रेलनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, “ती खोली कुणाची होती?”

“माझी.”

“मग दिवा लागला की जा.”

गेले. पहिल्यांदा आत पाऊल टाकलं तेव्हा थंडीनं माझे दात वाजायला लागले. खिडकी बंद होती. मलमाचा वास होता, ताजा, कुणी आत्ताच चोळल्यासारखा. मी भिंतीवरची कळ दाबून दिवा बंद केला आणि उभी राहिले. काहीच झालं नाही. फक्त असं वाटत होतं की खोलीत कुणीतरी श्वास रोखून धरला आहे आणि मी आधी बोलावं म्हणून वाट बघत आहे. मी बोलले नाही. दाराबाहेर आले आणि डोक्यावर दिवा लागला.

असं दिवसामागून दिवस. जिवंतपणी जसं, तसंच मेल्यावरही. मी दुसऱ्या कुणाला भरवत असायचे, घास हवेत असायचा आणि टेबलावर घरघर व्हायची. कुणी बघायला उठायचं नाही. सगळ्या माझ्याकडे बघायच्या. आत गेलं की पलंगावर कधी चादरीला सुरकुती, कधी उशीवर खळगा. मी चादर ताणायचे, उशी थोपटायचे आणि बाहेर यायचे. एकदा मी आत असताना माझ्याकडे सोपवलेले एक आजोबा खुर्चीतून उठायला गेले आणि पडता पडता वाचले.

त्या दुपारी मिसेस क्रेलनी मला बाजूला घेतलं.

“शुक्रवारी तुमची शेवटची तपासणी आहे. रिकाम्या पलंगासाठी जिवंत माणसाला सोडून गेलात तर मी नापास करीन. आणि दारावरचा दिवा जळत ठेवलात, तरीही नापास करीन.”

“मग मी काय करू?” मी विचारलं.

“तुम्ही तिला काय सांगितलं होतंत?” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

घरी आले तर वहिनी विनीताच्या वेण्या घालत होत्या. गुलाबी पडद्यांच्या खोलीत आता नवा पलंगही आला होता.

“लुक, आई!” विनीता म्हणाली. “काकू सेज मी तिला मम्मी म्हटलं तरी चालेल. कॅन आय?”

वहिनींनी मान वर केली नाही. वेणीचा पेड घट्ट ओढत त्या म्हणाल्या, “मुलांना सवय होते गं हळूहळू. आत्ताच सुरुवात केलेली बरी, नाही का?”

मी तळघरात गेले, उशीत तोंड खुपसलं आणि जेवढं रडता येईल तेवढं रडले. रडून झाल्यावर मला संताप आला. दिरांचा आला, वहिनींचा आला, क्रेलबाईंचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो त्या मेलेल्या म्हातारीचा.

शुक्रवारी उजाडलंच नव्हतं म्हणा ना. खिडक्यांबाहेर काळं आभाळ आणि खाली निळसर बर्फ. मला तपासणीसाठी दिलेल्या आजीबाईंची आंघोळ मी नीट उरकली, त्यांना खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला, हातात बेल दिली. मिसेस क्रेल सतत पाठीशी. चुकीला जागा ठेवली नव्हती मी. आता फक्त एक काम राहिलं होतं, अंथरुणातल्या पेशंटला दोघींनी मिळून वर सरकवणं. आणि तेवढ्यात कॉरिडॉरच्या टोकाला दिवा लागला.

घरघर ऐकून सगळ्या थांबल्या. मी आजीबाईंचा पट्टा पुन्हा तपासला. लोरेटाला म्हणाले, “यांच्याजवळ थांब.” आणि मी चालू लागले. मिसेस क्रेल मागून येत आहेत की नाही, ते मी पाहिलं नाही.

आत अंधार होता. थंडी हाडांत शिरत होती. मलमाचा वास इतका की डोळ्यांतून पाणी यावं. मी दार आतून लोटून घेतलं आणि मग माझा बांध फुटला. मराठीतच फुटला.

“काय पाहिजे तुम्हाला, हं? जिवंत होतात तोवर थुंकलात माझ्या अंगावर. केलं ना मी सगळं? माझी एवढीशी पोर आहे, ती माझ्या हातची चालली आहे तुमच्यापायी! आले आहे ना मी? बोला की आता! काय पाहिजे?”

काही क्षण काहीच नाही. मग पलंगावरून आवाज आला. कापडाचा. ताणलेली चादर हळूहळू घासत गेल्याचा...

डोळे सरावले तसं मला दिसलं. खळगा उशीवर नव्हता. पलंगाच्या पार खालच्या टोकाला होता, खोल, एखादं माणूस घसरत घसरत गुडघे दुमडून अडकून बसावं तसा. उशी वर एकटीच पडली होती. म्हाताऱ्या माणसांचं असं होतं. अंथरुणात खाली घसरतात, पाठ वाकते, श्वास कोंडतो, आणि स्वतःहून वर येता येत नाही. मग ती बेल वाजवतात. आणि बेल वाजवण्यापलीकडे त्यांच्या हातात काय असतं?

माझा राग कुठं गेला कोण जाणे. भीती मात्र तशीच होती.

“मी तुम्हाला वर घेते,” मी इंग्रजीत म्हणाले. पेशंटला आधी सांगायचं असतं. “जोर लावू नका. हनुवटी छातीला लावा.”

मी पलंग सपाट केला. कमरेखालची आडवी चादर गुंडाळून दोन्ही मुठींत धरली आणि ओढली. ती हलेना. चादरीत वजन होतं. खरं, जड, हाडामांसाचं वजन. मी पुन्हा ओढली. एक बाजू वर आली आणि मधेच कशाला तरी अडकली.

“एकटीनं करायचं काम नाही ते.”

मिसेस क्रेल दारात होत्या. किती वेळ होत्या कोण जाणे. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता, पण आवाज वर्गातलाच होता. त्या पलंगाच्या दुसऱ्या बाजूला आल्या, बाह्या वर केल्या आणि चादरीची कड मुठीत धरली. वजन हाताला लागलं तशी त्यांनी एकदा डोळे मिटले.

“कंबर वाकवायची नाही. गुडघे वाकवा,” त्या म्हणाल्या. “पेशंटचं नाव घ्या.”

“मिसेस वेल्डकँप,” मी म्हणाले, “आता वर जायचं हं.”

“तीन म्हटलं की ओढायचं.”

आम्ही ओढलं. चादर थोडी सरकली आणि थांबली. पुन्हा ओढलं. माझ्या खांद्यातून कळ गेली. मिसेस क्रेलच्या तोंडून हुंकार निघाला. तिसऱ्यांदा मात्र काहीतरी सुटल्यासारखं झालं, चादर सर्रकन वर आली आणि उशीवर, हळूच, एका डोक्याएवढा खळगा पडला. एक लांब श्वास ऐकू आला. मग खळगा भरत भरत गेला, चादर हलकी झाली, आणि आमच्या मुठींत नुसतं कापड राहिलं.

बाहेरची घरघर थांबली होती. मिसेस क्रेलनी खिडकी उघडली, पुरती. मी पलंग नीट केला. निघताना मी दातांखाली जीभ धरून ठेवली. एक शब्द तोंडातून जाऊ दिला नाही.

दुपारी सुटल्यावर मी बसच्या थांब्याकडे निघाले, तर मिसेस क्रेल पार्किंगमध्ये आपल्या गाडीशी उभ्या होत्या. गाडीच्या काचेवर बर्फाचा थर जमला होता. त्यांनी मला हाक मारली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या मला जरा म्हाताऱ्या वाटल्या.

“पास,” त्या म्हणाल्या. “वर सरकवण्याचं धरून सगळ्यात पास. चादरीवरची पकड चांगली होती तुमची.”

मला हसू फुटलं आणि रडूही. डोळ्यांपुढं विनीता आली, माझ्या दोन खोल्या आल्या, तिथले आमचे आमचे पडदे आले. मी त्यांचा हातच धरला. त्यांनी तो लगेच सोडवून घेतला, असलं काही त्यांना खपत नसे.

“पण त्या पायांकडच्या मुलीला मी पास करणार नाही,” त्या म्हणाल्या. “आपण वर घेत होतो आणि ती खाली ओढत होती. असं कुठं असतं का? पेशंटचे घोटे असे आवळून धरतात?”

“कोण मुलगी?” मी विचारलं.

“पायांकडची. पांढऱ्या कपड्यांतली. नवीन आहे का? माझ्या वर्गातली वाटली नाही मला.” त्यांनी गाडीचं दार उघडून काच खरवडायची पट्टी बाहेर काढली. “आधी मान खाली होती तिची. आपण म्हातारीला सोडवून घेतलं, तेव्हा वर केली. मग तुम्ही पलंग आवरत होतात तोवर तुमच्याकडेच बघत उभी होती. मला वाटलं, तुमच्या ओळखीची आहे.”

पायांकडे तर मी स्वतः बघत होते. तिथं पलंगाचा कठडा होता, आणि कठड्यापलीकडे काळी खिडकी.

“सांगा तिला,” मिसेस क्रेल म्हणाल्या, “सोमवारपासून यायचं नाही.”

आणि तिला सांगायचं काम माझ्यावर टाकून त्या गाडीची काच खरवडायला लागल्या.